आप्पांनी सांगितलेला खून

माझ्या कादंबरीत पहिल्याच पानावर प्रेत आहे. ओढ्याच्या कडेला, बाभळीच्या काट्यांखाली झाकलेलं, एका पायात वहाण आणि दुसरा पाय उघडा. काळ राणीच्या राजवटीचा. आमच्याकडं तेव्हा ना कालव्याचं पाणी आलेलं, ना कुठं साखर कारखान्याची चिमणी दिसायची. आमराईत तंबू ठोकून बसलेला गोरा मॅजिस्ट्रेट, त्याच्यापुढं हात बांधून उभे राहिलेले गावकरी, पोत्याखाली झाकून बैलगाडीतून तालुक्याला नेलेलं प्रेत, आणि गाडीमागून मान खाली घालून चालणारा, अजून कुणाला संशयही न आलेला खुनी. हे सगळं लिहिणारी मी कोपरगावात तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करते.

वाचक भेटले की विचारतात, ताई, तुम्हाला इतकं काळंकुट्ट सुचतं कसं? अहो, मला सुचायला कशाला लागतंय! माझ्यासमोरच्या खुर्चीवर दिवसभर बसतं तरी कोण? सख्ख्या भावानं बांध कोरला म्हणून रडणारा. चुलत्यानं सातबाऱ्यावरून नाव उडवलं म्हणून शिव्या घालणारा. आंधळ्या आईचा अंगठा घेऊन, वर तिच्याच हातची भाकरी खाऊन आलेला. हे ऐकून ऐकून मला एक गुर्मी चढली होती. माणूस खुर्चीत टेकला की मी ओळखायचे, हा खरं बोलतोय की खोटं. खरं बोलणारा अडखळतो, मागं जातो, 'थांबा बाई, आधीचं एक सांगायचं राहिलं' म्हणतो. खोटं बोलणाऱ्याकडं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. शेडमधल्या नव्या टायपिस्टांना मी हे चहा पीत पीत, मोठ्या तोऱ्यात शिकवायचे. डोंबलाचं शिकवायचे.

कादंबरीची गोष्ट मला आप्पांनी दिली. आप्पा म्हणजे माझे वडील. गोदावरीच्या काठाला आमचं गाव, गावाबाहेर आमची वस्ती, चहूकडं ऊस. आई गेली तेव्हापासून आप्पा माझ्या धाकट्या भावाच्या संसारात राहतात, पण वस्तीवर शब्द अजून त्यांचाच चालतो. माझ्याशी मात्र आप्पांना बोलायला कधी जमलंच नाही. 'आलीस का', 'जेवलीस का', 'कधी निघतीस', संपलं. सासरी नांदले, पोरं वाढवली, केस पांढरे झाले, तरी आम्हा बापलेकींचं बोलणं त्याच्या पुढं सरकलं नव्हतं. भावाशी ते पाण्याच्या पाळीवर तासन्‌तास बोलायचे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मग एका धुळवडीला मी त्यांना आमच्या वीराबद्दल विचारलं.

आमच्या भागात पुष्कळ घरांत वीर असतो. कुणी तरणाताठा, बिनलग्नाचा, घातानं गेला, तर त्याला शांत करायला त्याचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. वर्षभर तो देवांच्या ओळीत गप उभा असतो. धुळवडीला त्याला खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचं, लाल कापडात बांधायचं, आणि हलगी लावून नाचवत नदीला न्हायला न्यायचं. आमचा वीर नदीवर जाण्याआधी ओढ्यापाशी, पलीकडच्या वस्तीच्या बांधाला थांबतो. आप्पा त्याला दोन्ही हातांनी वर धरून पलीकडं तोंड करून उभे राहतात, नारळ फोडतात, मग मिरवणूक नदीकडं वळते. आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, की पलीकडच्यांनी आमचा माणूस मारला, म्हणून दरवर्षी त्यांच्या बांधावर जाऊन त्यांना दाखवून यायचं, की आम्ही विसरलेलो नाही. हलगी तिथं जरा जास्तच जोरात वाजायची.

"कसा मारला हो, आप्पा?" मी विचारलं.

आणि आप्पा बोलायला लागले. बापरे, काय बोलायला लागले!

मेलेला पोरगा म्हणजे आप्पांच्या पणज्याचा धाकटा भाऊ. नुकतं मिसरूड फुटलेलं, लग्न ठरलेलं. पलीकडच्या वस्तीवर जाणारी वाट आमच्या बांधावरून जाते, त्या वाटेवरनं भांडण. आमच्या रानातनं गाडी घालायची नाही, असं हा पोरगा म्हणाला आणि पलीकडच्यानं पाठीमागून कुऱ्हाड घातली. वर काट्या ओढल्या. गावच्या जागल्यानं, रात्रीच्या राखणदारानं, माग काढला. मॅजिस्ट्रेट आला, साक्षी झाल्या, पलीकडचा माणूस काळ्या पाण्यावर गेला आणि परत आला नाही. झालं, एवढीच गोष्ट. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या, की आप्पांचा फोन यायला लागला.

"काय गं, कुठवर आलं तुजं बाड?"

मी विचारायचे, आप्पा सांगायचे. मॅजिस्ट्रेट दिसायला कसा होता? "लाल. खोकायचा लई. संगं कुत्रं हुतं." चांदणं होतं का? "अवसंचा आदला दिस. डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना." कुऱ्हाड कुठं सापडली? "हिरीत. पोहणारा उतरवला तवा." एकदा मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला एवढं बारीक बारीक कसं माहीत? तर म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, त्याला त्याच्या म्हाताऱ्यानं. आता तू लिव." माझे डोळे भरून आले. आमच्या घरातली हकीकत बापाकडून लेकाकडं जात जात शेवटी लेकीकडं आली होती. फोन ठेवला तरी मी कितीतरी वेळ हसत बसायचे. नवरा म्हणायचा, आज काय म्हाताऱ्यानं पुरणपोळी पाठवली काय?

एके दिवशी आप्पांनीच विचारलं, "साहेबाचा हुकूम लिवला का?"

"कसला हुकूम?"

"वाटंचा. साहेब म्हनला, या वाटंवर रगत सांडलंय, हितनं फुडं त्या वस्तीचा पाय या बांधावर पडायचा न्हाई. जायाचं तर नदीकडनं वळसा घालून जायाचं. मागनं आमच्या लोकांनी दया केली, म्हून आजपस्तोर जाऊ देतोय."

मला तो हुकूम इतका आवडला, की मी त्याचं अख्खं प्रकरण केलं. दिवेलागणीची वेळ, खोकणारा गोरा साहेब बांधावर उभा, त्याचं वाक्य दुभाष्या मराठीत ओरडून सांगतोय, आणि ओढ्यापलीकडं खुन्याची आई पदर तोंडात कोंबून ऐकतीय. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच. अजूनही तसंच वाटतं, हेच तर माझं दुखणं आहे.

आता पलीकडच्या वस्तीचं सांगते. तिथं माझी शाळेतली मैत्रीण राहते. दोन्ही घरांत पाणीसुद्धा चालत नव्हतं, पण शाळेत आम्ही एका डब्यात जेवायचो आणि घरी कुणाला कळू द्यायचो नाही. तिचा नवरा गेला, ती मुलीला घेऊन माहेरी आली. आता त्या वस्तीवर ती, तिची मुलगी आणि एक म्हातारी चुलती, एवढ्याच बायका. गोठ्यात गाया. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन स्कूटीला लावून ती आमच्या बांधावरच्या त्याच वाटेनं डेअरीला जाते. दुसरा रस्ता नाही. नदीकडचा वळसा म्हणजे काळ्या मातीचा चिखल. तिथनं स्कूटी तर सोडाच, बैल निघत नाही. ती वाट बंद झाली तर दूध घरात नासणार आणि गाया बाजारात जाणार, इतकं सरळ आहे.

कादंबरीचं तिला मी आधीच सांगितलं होतं. ती खो खो हसली. "लिही की! आमच्या घरातलं कुनी आजवर पेपरात न्हाई आलं, पुस्तकात तरी येऊ दे. पन तेवढा आमचा भाद्दर दिसायला बरा दाखव हां." तिलाही तेच ठाऊक होतं जे मला ठाऊक होतं. हलगीचा आवाज तिनंही लहानपणापासून ऐकलेला.

पुस्तक निघालं. पुण्याच्या प्रकाशकानं अंधारी विहीर आणि कंदील असं मुखपृष्ठ केलं. त्यावर 'सत्य घटनेवर आधारित' असं छापावं, ही आप्पांची इच्छा. प्रकाशकाला काय, तो तर खूशच झाला. असं लिहिलं की खपतं म्हणाला. आत मी लिहिलं, 'ही हकीकत जशीच्या तशी मला सांगणाऱ्या माझ्या वडिलांना'. कोपरगावच्या वाचनालयात छोटासा कार्यक्रम झाला. आप्पा नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. जाताना प्रतींचा गठ्ठाच मागून घेतला. गावात त्यांनी सरपंचांना दिलं, तलाठ्याला दिलं, तंटामुक्तीच्या अध्यक्षांना दिलं, पोलीस पाटलाला दिलं. 'आमच्या पोरीनं लिवलंय' म्हणत दारोदार फिरले. हे मला भावाकडून कळलं तेव्हा मी शेडमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. कप्पाळ माझं, पेढे वाटले!

त्यानंतरची धुळवड झाली आणि आठवडाभरात मैत्रिणीचा फोन आला.

"तुज्या भावानं वाट फोडली गं. जेसीबी लावून आडवा चर काढलाय. कॅन घेऊन अलीकडंच हुबी हाय मी."

"काय? का?"

"तुज्या पुस्तकात साहेबाचा हुकूम हाय म्हनत्यात. आमाला या वाटंवर हक्कच न्हाई म्हनं. आजपस्तोर दया केली, आता बंद." मग म्हणाली, "तू हुकुमाचं लिवलं तवा मला म्हनली असतीस, तर मी हसले नसते."

भाऊ कुणाच्या तरी कानभरणीनं बिघडला असेल, आप्पा त्याला कान धरून चर बुजवायला लावतील, असंच गावाकडं जाताना मला वाटत होतं. गावात पोचले तेव्हा मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली होती. मधोमध आप्पा. मांडीवर माझं पुस्तक, त्यात खुणेला उसाचं वाळलेलं पाचट घातलेलं. मला बघून त्यांनी मान हलवली, 'बैस' अशी, आणि चष्मा लावून वाचायला लागले. माझं प्रकरण. माझा खोकणारा साहेब, माझा दुभाष्या, पदर तोंडात कोंबलेली माझी म्हातारी. आप्पा फार छान वाचतात. लोक माना डोलवत होते. 'या वाटेवर रक्त सांडलं आहे' या वाक्याशी आले आणि आप्पांनी बोट वर केलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले. "अहो, ही कादंबरी आहे! असला काही हुकूम नसतो! कुठल्या कागदावर आहे हा हुकूम?"

"तूच तर लिवलंय, सत्य घटना म्हून," अध्यक्ष म्हणाले, अगदी गोडीत. "आत वडलांचं नाव बी हाय. जशीच्या तशी, असं लिवलंयस."

"ते... ते त्यांनी सांगितलं म्हणून!"

"मग आप्पा काय खोटं बोलत्यात व्हय?"

मी आप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. पाचट पुन्हा नीट पानात घालत होते. आणि मला एकदम सगळे फोन आठवले. मी कादंबरी लिहितच नव्हते. मी आप्पांचा अर्ज टाईप करत होते. समोरच्याचं म्हणणं, जागेचं वर्णन, हुकुमाचा मजकूर, साक्षीदार. माझ्या खुर्चीवर बसणारे लोक निदान पुढ्यात तरी बसतात. यांनी फोनवरून, रोज, लाडानं, एकेक ओळ घालून घेतली. चिडून रडायला आलं मला, आणि सगळ्या गावासमोर रडले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातनं मैत्रिणीची म्हातारी चुलती काठी टेकत उठली. तिचा आवाज असा बारीक, की सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

"येवढंच सांगा," ती आप्पांना म्हणाली. "वीर तुमचा, तर त्यो आमच्या बांधाला कशापायी थांबतो? तुमी त्याला आमच्याकडं तोंड करून का दावता?"

"तुमाला दावायला! विसरलो न्हाई म्हून!" माझा भाऊ ओरडला. दोन-चार जण हसले.

"तुला न्हाई इच्यारलं. आप्पास्नी इच्यारलं."

आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. कुणीतरी म्हणालं, उद्या प्रकरण तहसीलला जाऊ द्या, तिथं काय ते होईल. बैठक उठली. पण मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांकडं एका प्रश्नाचं उत्तर नसलेलं बघितलं होतं.

वस्तीवर गेले. आप्पा म्हशींपुढं उसाचं वाढं टाकत होते. भाऊ आणि भावजय घरात.

"आप्पा, वीर कुणाचा?"

"पानी पी आधी."

"वीर कुणाचा ते सांगा."

त्यांनी हातातली पेंढी सोडवली, म्हशीपुढं पसरली, तिच्या कपाळावर थाप मारली. "त्यांचा," म्हणाले.

"त्यांचा? मग आपल्या देव्हाऱ्यात कसा?"

"मारलेला मानूस मारनाऱ्याच्या घरात बसवावा लागतो. न्हाईतर त्यो घर नांदू देत न्हाई. पनज्याची पोरं पाळन्यातच जायला लागली, तवा भगतानं सांगितलं, त्याला तुमच्या देवांत घ्या. तवापास्नं हाय."

"आणि बांधावर थांबतो ते?"

"पलीकडं घर हाय ना त्याचं. वर्सातनं एकदा दावायचं, येवढंच त्याचं मागनं." हे सांगताना आप्पांना काही वाटत नव्हतं. उसाला पाणी कधी सोडायचं हे सांगावं तसं सांगत होते.

"मारला कुणी?"

"आपल्या पनज्यानं. वाट मुळात त्यांचीच हुती. ती बंद कराया निघाला, पोरगं आडवं आलं."

"आणि काळ्या पाण्यावर गेला तो?"

"त्याचा थोरला भाऊ. आपल्या लोकांनी साक्षी दिल्या, की भावानंच भावाला मारलं म्हून. साहेबाला काय कळतंय."

देवा! एकाला कुऱ्हाडीनं मारलं, दुसऱ्याला साक्षीनं बुडवलं, आणि त्यांच्या दारात दरवर्षी हलगी वाजवून आम्ही मान वर करून परत येत होतो. आणि वर मी त्या थोरल्या भावाला पानापानावर राक्षस केला. त्याच्या आईच्या तोंडात पदर कोंबला. पुन्हा एकदा तीच साक्ष दिली, आणि या वेळी ती छापून, बांधून, मुखपृष्ठ घालून दिली.

"मग मला असं उलटं का सांगितलंत, आप्पा? नुसतं नाही म्हणायचं होतं!"

"वाटंचं काम हुतं. वकील म्हनला, जुनं कायतरी आधाराला पायजे. आपल्याकडं तर कायच न्हाई."

"आणि ते रोजचे फोन?"

हा प्रश्न मला विचारायचा नव्हता. तोंडातनं गेला. सगळं पुस्तक, सगळा खून एका बाजूला, आणि मला हेच विचारायचं होतं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, खरंच न कळल्यासारखं.

"भाकरी झाली असंल," म्हणाले. "खाऊन जा."

मी खाल्ली नाही. कोपरगावात येऊन माझ्याच टेबलावर माझं प्रतिज्ञापत्र मीच टाईप केलं. असा कोणताही हुकूम माझ्या माहितीत नाही, हे प्रकरण वडिलांच्या तोंडी सांगण्यावरून लिहिले, खून आमच्या घराण्याकडून झाल्याचे वडिलांनी मला स्वतः सांगितले, सबब वाट खुली करावी. भावाचा फोन आला. "आक्का, पुन्हा या दाराला येऊ नकोस." म्हटलं, बरं.

सुनावणीला आप्पा आले. मी शपथेवर सगळं सांगितलं. तहसीलदारांनी आप्पांना विचारलं, तुमची मुलगी असं म्हणतीय, तुमचं काय म्हणणं? आप्पा हात जोडून उभे राहिले, कसे गरीब होऊन!

"साहेब, पोरगी माजीच हाय. पन तिला ल्हानपनापास्नं मनचं रचायची खोड. खून, मुडदे, असलंच डोक्यात. लेखिका हाय ती. तिच्या बोलन्यावर कुठं जाता."

दालनात लोक हसले. कारकूनसुद्धा हसला; तो रोज माझ्याकडून अर्ज टाईप करून घेतो. म्हणजे बघा, माझ्या पुस्तकात होतं ते खरं, आणि शपथेवर बोलले ते मनचं. दोन्ही माझ्याच तोंडचं, आणि दोन्ही आप्पांनी हवं तसं वापरलं.

तहसीलदार बाई हुशार निघाल्या. त्यांनी ना पुस्तक धरलं, ना माझं प्रतिज्ञापत्र. स्वतः जागेवर गेल्या. बांधावरच्या जुन्या चाकोऱ्या बघितल्या, आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारलं, आणि वहिवाटीची वाट म्हणून ती खुली करायचा आदेश दिला. ज्या जेसीबीनं चर काढला त्यानंच बुजवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचं दूध डेअरीत वेळेवर पोचलं.

ती मला भेटायला शेडमध्ये आली. मी तिचे दोन्ही हात धरले. तिनं धरू दिले, मग हळूच सोडवून घेतले.

"वाट मिळाली गं," म्हणाली. "पन डेअरीत पोरीला म्हनत्यात, काळ्या पान्याची नात आली. लोक पुस्तक वाचत्यात. तुजं प्रतिज्ञापत्र कोन वाचतंय?"

मी प्रकाशकाला पुस्तक मागं घ्या म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ताई, वेड लागलं का, आता कुठं मागणी वाढतीय. तिला मी हे सांगू शकले नाही. चहा मागवला, तो तिनं घेतला. 'येते' म्हणून गेली आणि मग फारशी आली नाही.

आणि परवा, भर दुपारी, शेडमध्ये गर्दी असताना, आप्पा आले. काठी टेकत सरळ माझ्या टेबलाशी, समोरच्या खुर्चीवर बसले. उन्हानं तोंड लाल झालेलं. इतक्या दिवसांत आवाजही ऐकला नव्हता. मला वाटलं... काय वाटलं ते लिहीत नाही. मी पाण्याची बाटली पुढं केली.

ते घटाघटा पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "प्रांतसाहेबाकडं अपील करायचंय. वाटंचं. घे, टाईप कर."

सगळं शेड माझ्याकडं बघत होतं. मी म्हटलं, "आप्पा, पलीकडच्या टेबलावर जा."

त्यांना राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. 'बरं' म्हणाले, उठले, आणि पलीकडं गेले. तिथं एक नवी टायपिस्ट बसते, नुकतं लग्न झालेली, माझ्याकडनंच काम शिकलेली. मी माझ्या समोरच्या माणसाचा उत्पन्नाचा अर्ज टाईप करत होते. पण आप्पांचा आवाज येत होता. राणीचं राज्य हुतं. अवसंचा आदला दिस. डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. सावकाश, मायेनं, मध्येच थांबत, एकट्या तिच्यासाठीच राखून ठेवल्यासारखं सांगत होते. त्या पोरीची बोटं कळफलकावर थांबली. गाल हातावर टेकवून ती म्हणाली, "अगं बाई! मग पुढं काय झालं, आप्पा?"

आणि पुढं काय झालं ते ऐकायला मीही हातातलं काम थांबवलं.